मेंढीच्या लोकरीचे सुगंधी गोळे, ड्रायरसाठी

आधी एक गोष्ट मिटवून टाकू, कारण नव्या माणसाचा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे 'ड्रायर' म्हटलं की सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा तो छोटा टब डोळ्यांसमोर येतो, कपडे पिळून काढणारा. तो खरं तर स्पिनर. गरगर फिरून पाणी बाहेर फेकणं एवढंच त्याचं काम. लोकरीचे गोळे त्यात टाकलेत तर फायदा काहीच नाही. उलट वजन एका बाजूला सरकलं की टब थडाथडा आपटायला लागतो. हे गोळे आहेत टंबल ड्रायरसाठी. म्हणजे आडवा ड्रम, आत गरम हवा, आणि कपडे वर उचलून पुन्हा खाली पडत राहतात ते मशीन. वाळवणारं मशीन वेगळं असो किंवा धुणं-वाळवणं एकाच फ्रंट लोडमध्ये होत असो, दोन्हीकडे चालतात.

दुसरा प्रश्न मला सगळेच विचारतात. सोलापुरात ड्रायर कशाला? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवर टाकलेली चादर खाली येऊन चहा पिईपर्यंत वाळते. बरोबर आहे, आणि त्या दोन महिन्यांत मीही मशीनचं बटण दाबत नाही. पण मी आयुष्याची बरीच वर्षं टॉवेलच्या कारखान्यात शिलाई-चेकिंगला काढली. टेरी टॉवेल मागावरून उतरतो तेव्हा त्याचे लूप, म्हणजे वर आलेले धाग्यांचे छोटे फास, चपटे असतात. टंबलरमधून फिरून आला की फुलतो आणि हाताला मऊ लागतो. घरी तोच टॉवेल बोअरच्या जड पाण्यात धुऊन कडक उन्हात टांगला की आठवड्याभरात पापडासारखा होतो. लूप ओलेच एकमेकांना चिकटतात आणि हलवायला कुणी नसल्यामुळे तसेच वाळतात. त्यावर लोक सॉफ्टनर ओततात. सॉफ्टनरने टॉवेल मऊ लागतो खरा, पण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल अंगावरचं पाणी टिपेनासा होतो. टॉवेलने पाणीच टिपलं नाही तर त्याला टॉवेल कशाला म्हणायचं?

लोकरीचे गोळे हे काम ओला थर न चढवता करतात. ड्रममध्ये ते कपड्यांच्या मधे शिरतात, घड्या सोडवतात, गरम हवेला वाट करून देतात आणि पडता-पडता लूपना टपल्या मारतात. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. ड्रममधली हवा त्यामुळे हाडासारखी कोरडी होत नाही आणि सिंथेटिक साडी, ब्लाउज अंगाला चिकटायचं प्रमाण कमी होतं. वेळही थोडा वाचतो. पाकिटांवर लिहितात तेवढा वाचेल अशी आशा मात्र ठेवू नका.

लोकर कुठली घ्यायची

दुकानात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात त्यातलं बहुतेक अॅक्रिलिक असतं. मला हे तीन वेळा गरम पाण्यात धुतल्यावर कळलं. पहिल्या खेपेला मी चार रंगांचे चार गोळे गुंडाळले, मोज्यात बांधले, मशीन लावलं. बाहेर आले ते जसेच्या तसे, टोक धरून ओढलं की सगळा गोळा उलगडतो. सासूबाई म्हणाल्या, "मांजराला दे खेळायला." मांजरानेही दोन दिवसांत नाद सोडला.

तर परीक्षा आधी करा. सुताचा एक तुकडा चिमट्यात धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवून. खरी लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत बाजूला नेली की विझते आणि उरलेली काजळी बोटांत चुरली जाते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. दुसरी परीक्षा बिनआगीची: सुताची दोन टोकं किंचित उसवून एकमेकांवर ठेवा, पाण्याचे दोन थेंब टाका आणि तळहातांमध्ये जोराने चोळा. अर्ध्या-एक मिनिटात टोकं सांधली गेली तर काम होणार. अस्सल लोकरही एका बाबतीत दगा देते. लेबलावर 'मशीनमध्ये धुता येईल' असं असेल तर ती मुद्दाम न आटण्यासाठी प्रक्रिया केलेली असते. स्वेटर म्हणून चांगली, गोळ्यांना निरुपयोगी.

आटणं म्हणजे काय ते दोन ओळींत सांगते, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. गरम पाणी आणि साबण मिळाला की ते उचलले जातात, आणि घासाघीस झाली की केस एकमेकांत सरकून अडकतात. एकदा अडकले की मागे फिरत नाहीत. चुकून गरम पाण्यात धुतलेला नवऱ्याचा स्वेटर मुलाच्या मापाचा होतो तो यामुळेच. आपल्याला तोच अपघात मुद्दाम घडवायचा आहे. जुन्या माणसांना बुरणूस आठवत असेल. तो घोंगडीसारखा विणलेला नसायचा, लोकर ओली करून दाबून-लाटून केलेला असायचा. हे गोळे म्हणजे त्याचीच छोटी भावंडं.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या बाजूला दख्खनी मेंढरं आहेत. त्यांची लोकर भरड, काळी, थोडी केसाळ. घोंगडीला उत्तम, मऊ स्वेटरला नाही. घोंगडीचा खप कमी झाल्यापासून तिला भाव उरलेला नाही. कातरायची मजुरीही सुटत नाही म्हणून बरेच मेंढपाळ ती टाकून देतात. सांगोल्याकडच्या एका धनगरमामांकडे मी अर्धा किलो मागितली तर त्यांना हसू आवरेना. "न्या की पोतंभर, पैसं कशाला त्याचं?" मी पैसे दिले, तुम्हीही द्या. वर्षातून दोनदा कातरणी होते, त्या दिवसांत गेलात तर ताजी मिळते. आणि मागताना 'जावळ' आहे का विचारा. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. ती इतर लोकरीपेक्षा खूप मऊ असते आणि वरच्या थराला तीच लागते.

कारण भरड काळ्या लोकरीचा एक दोष आहे: तिचा जाड केस गळतो. पांढऱ्या टॉवेलवर काळी केसं घेऊन बसायची वेळ येते. म्हणून आतला गाभा भरड लोकरीचा आणि वरचं कातडं जावळाचं, अशी वाटणी मी करते. जावळ नसेल तर जुना शंभर टक्के लोकरीचा स्वेटर उसवा. रंगवलेलं सूत टाळा, गरम ओल्या कपड्यांवर रंग सुटतो. मेंढीचा काळा हा जन्माचा काळा, तो सुटत नाही.

धुणं आणि पिंजणं

सहा गोळ्यांना साधारण ३०० ग्रॅम स्वच्छ लोकर लागते, एकाला ५० ग्रॅम. कच्ची अर्धा किलो घेतली की धुऊन-निवडून एवढी हाती येते. बाकी धूळ, चरबी, कुसळं आणि गोखरू. काटे आधी कोरडेपणीच वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे. टीव्हीसमोर बसून करा, पण खाली वर्तमानपत्र अंथरून.

दहा-बारा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून पाणी गाळून घ्या. बादलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी, त्यात रिठ्याचं पाणी, त्यात लोकर. वीस मिनिटं नुसती बुडवून ठेवा. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, नाहीतर ती बादलीतच आटायला लागेल. अलगद उचला, तेवढ्याच गरम साध्या पाण्यात दोनदा बुडवून काढा. पाणी फारच गढूळ निघालं तर पुन्हा एकदा. ते पाणी सिंकमध्ये ओतू नका, केसांनी पाइप तुंबतो, कुंड्यांना घाला. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात राहत असल्यामुळे मी हे काम पाणी येण्याच्या दिवशीच काढते. बोअरचं पाणी शक्यतो नको, जड पाण्यात पुढे साबणाचा फेस होत नाही आणि चिकट साका लोकरीवर बसतो. आरओमधून वाया जाणारं पाणी वापरून काटकसर कराल तर तेही नको. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं.

सावलीत वाळली की पिंजायची. कमान आणि पिंजारी आता कुठून आणणार. कुत्र्याचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश घ्या आणि लोकर त्यांच्यामध्ये थोडी-थोडी विंचरा. केस एका दिशेला आले की ब्रशवरून गुंडाळून पेळू काढा. चरख्याला कापसाचा पेळू लावतात तसाच, फक्त जाड.

गोळा वळणं

भरड लोकरीचा एक पेळू घट्ट गुंडाळा, लाडूएवढा उंडा करा. पुढचा पेळू त्यावर आडवा, मग उभा, मग तिरका. दर दोन-तीन वेढ्यांनी दिशा बदलायची, पगडी बांधल्यासारखी एकाच बाजूने गुंडाळलीत तर गोळ्याचं रताळं होतं. प्रत्येक वेढा ओढून द्या. गाभा सैल राहिला तर बाहेरचं कातडं आटतं आणि आत लोकर खुळखुळते, मग ड्रममध्ये तो दबकन पडतो, उसळत नाही. गाभा साधारण ३५ ग्रॅमचा झाला की उसवलेल्या लोकरीच्या सुताने चहूबाजूंनी बांधा. त्यावर जावळाचे १५ ग्रॅम पातळ थरांत पसरून गुंडाळा, काळं कुठे डोकावणार नाही इतके. या वेळी टेप लावली तर घेर २८ सेंटीमीटरच्या आसपास असावा. आटल्यावर तो २२ वर येतो, म्हणजे टेनिसच्या चेंडूपेक्षा किंचित मोठा.

आता नायलॉनचा लांब मोजा. फाटलेला चालेल, भोक मात्र मोठं नको. एक गोळा तळाशी ढकला, वर गच्च गाठ, मग दुसरा, पुन्हा गाठ. माळ तयार होईल. गाठींना दोरा लागलाच तर सुती वापरा. लोकरीचा दोरा गोळ्यांसोबतच आटून बसतो आणि मग कात्री घेऊन भांडावं लागतं.

आटवणं

फ्रंट लोड मशीन असेल तर ६० अंशांच्या कार्यक्रमावर ही माळ घरच्या टॉवेल-जीन्ससोबत टाका. वेगळं पाणी खर्च करायची गरज नाही, उलट सोबत जड कपडे असले की घासाघीस चांगली होते. दर धुण्यानंतर मोजा थोडा उपटून पाहा, कारण लोकर नायलॉनच्या जाळीतून बाहेर वाढते आणि तिथेच रुजते. दोन धुण्यांत आकार धरतो, तीन-चारमध्ये पक्का होतो.

मशीन गरम पाणी घेत नसेल तर हाताने करा. मला खरं तर हीच पद्धत आवडते, गोळा कधी तयार झाला ते तळहाताला समजतं. कपडे धुण्याच्या वडीचा कीस गरम पाण्यात विरघळवा. रिठा इथे नको, इथे जरा तिखट साबणच हवा. गोळा बुडवा, मोज्यातून काढू नका, आणि तळहातांमध्ये हलकेच फिरवत राहा. पहिली पाच मिनिटं जोर अजिबात नाही. घाई केलीत तर कातड्याला चुणी पडते आणि ती भेग शेवटपर्यंत जात नाही. मी पहिल्याच दिवशी दोन गोळ्यांना अशा भेगा पाडल्या, त्यांना अजून घरात 'भाताचे मोदक' म्हणतात. कातडं थोडं धरू लागलं की मोजा काढा, जोर वाढवा, पंधरा-वीस मिनिटं. पाणी निवलं की बदला. मधेच थंड पाण्यात बुचकळून पुन्हा गरम पाण्यात घाला, त्याने लोकर दचकून आणखी आखडते. झाला का ते पाहायला चिमटीने पृष्ठभाग ओढा. केस सुटे उचलले गेले तर अजून वेळ आहे; अख्खं कातडं एकत्र उचललं गेलं तर झालं.

साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं तर साबणाचा अंश निघून जातो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि वाळायला ठेवा.

वाळवण्यात फसू नका. वरून कोरडा लागलेला गोळा आत दोन-दोन दिवस ओला असतो, आणि ओल्या गाभ्याला कुबट वास लागला की कोणताही सुगंध त्यावर मात करू शकत नाही. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. ५० ग्रॅमचा गोळा पुन्हा ५० च्या जवळ आला आणि दुसऱ्या दिवशीही तेवढाच भरला, तरच कोरडा.

सुगंध

इथे बहुतेक जण सरळ सुगंधी तेलाची बाटली उपडी करतात. मी करत नाही, आणि का ते सांगते. तेल म्हणजे जळणारा पदार्थ, आणि ड्रायर म्हणजे गरम हवेचं बंद पिंप. तेलकट वस्तू आत घालू नका असं बहुतेक मशीनच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. दुसरं, पांढऱ्या टॉवेलवर पिवळे ठिपके पडतात. अत्तरांचं तर विचारूच नका, स्वस्त अत्तर बहुधा पातळ तेलात मिसळलेलं असतं. तरी कुणाला तेलच वापरायचं असेल तर एका गोळ्याला दोन-तीन थेंब, सुईने आत जिरवून, पूर्ण एक दिवस उघड्यावर ठेवून, आणि फक्त थंड हवेच्या फेरीत. कापूर कुठल्याही रूपात ड्रायरमध्ये नाही, तो पटकन पेट घेतो. गाभ्यात लवंगा किंवा पाकळ्या भरून गोळा वळायची कल्पनाही सोडा. आटवताना त्या भिजतात आणि आत बुरशी धरते. माझा असा एक गोळा कापून पाहिला तेव्हा आतून हिरवा निघाला.

मी सुगंध मुरवते, लोणच्यासारखा. लोकर वास धरून ठेवते, हे स्वयंपाकघरात शाल टांगून ठेवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा घ्या. तळाला वाळ्याच्या कोरड्या मुळ्यांचा थर. उन्हाळ्यात माठात टाकायला आणतो त्याच. त्यावर पातळ सुती कापड, म्हणजे कचरा चिकटणार नाही. मग गोळे. वर पुन्हा कापड आणि सावलीत वाळवलेला मरवा किंवा दवणा. मरवा गजरेवाल्यांकडे मिळतो, दवणा चैत्रात. थोडा नागरमोथा आणि कपूरकाचरी काष्ठौषधीच्या दुकानातून आणून जाडसर कुटून पुरचुंडीत बांधून ठेवली तर वास खोल होतो. डबा आठ-दहा दिवस बंद ठेवा, रोज एकदा हलवा. सगळं अगदी कोरडं हवं, एवढीच अट.

हा वास बाटलीतल्या वासासारखा अंगावर येत नाही. टॉवेल तोंडाला लावला की ओल्या मातीसारखा वाळा हळूच लागतो, आणि काही लोकांना तोही लागत नाही. गरम हवेत तो लवकर उडतो, म्हणून मी दोन संच ठेवले आहेत. तीन साधे गोळे सुरुवातीपासून ड्रममध्ये, ते कष्टाचे. तीन मुरवलेले, ते शेवटची दहा मिनिटं थंड हवा चालू असताना टाकायचे. असे चार-पाच वेळा वापरले की पुन्हा डब्यात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना किंवा घरात दमेकरी असेल तर फक्त साधेच.

वापरताना

तीन-चार किलो कपड्यांना तीन गोळे पुरतात, त्याहून जास्त कपड्यांना सहा. ड्रम मात्र अर्ध्याहून जास्त भरू नका, गोळ्यांना पडायला जागा हवी. धुणं-वाळवणं एकत्र असलेल्या मशीनमध्ये धुणं संपल्यावर थांबवून मग गोळे टाका. सुरुवातीलाच टाकलेत तर ते भिजून बसतात आणि स्वतःच वाळायला वेळ मागतात. दर वेळी ड्रायरची केस-धागे अडवणारी जाळी साफ करा. पहिल्या दोन-तीन खेपांना थोडे केस गळतील, तेव्हा जुने रंगीत कपडे घाला.

वर गुठळ्या आल्या तर कात्रीने छाटा. गोळा मऊ पडून उसळेनासा झाला तर एकदा गरम साबणाच्या पाण्यात आटवून घ्या. माझा पहिला संच तिसऱ्या वर्षात आहे, मोदकांसकट.

चैत्र लागला की मशीन बंद. गोळे वाळ्यासकट कपाटात चादरींच्या मधे जातात, आणि महिन्याला एकदा मी ते काढून झटकते, कारण लोकर म्हटली की तिला कसर लागणारच. आषाढात दोन दिवस सलग झड लागली, गच्चीवरच्या दोरीवर टॉवेल आंबायला लागले, की डबा पुन्हा खाली उतरतो.